जयलक्ष्मीचं पान

सुंदरी कुंभकोणाहून आगगाडीने आली ती अष्टमीच्या दुपारी, आणि घोड्याच्या जटक्यातून पाय खाली टेकायच्या आत तिने चौकशी केली ती पोळ्यांच्या नारळांची. जयलक्ष्मीच्या पानावर नारळाच्या पुरणाची पोळी लागते हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी दर वर्षी सुंदरीने विचारायचं आणि शेषम्माने तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसल्या बसल्या, "खोवून तयार आहेत बाई, तुझ्या बहिणीला काही कमी पडू देणार नाही मी," असं सांगायचं, हा रिवाजच पडून गेला होता. नारळ खोवले होते भामाने. खोवणी लागून अंगठा फाटला होता तोही भामाचाच. पण हे कोणी विचारील तेव्हा ना.

जयलक्ष्मी म्हणजे त्यागराजांची पहिली बायको, सुंदरीची धाकटी बहीण. राजमला जेमतेम दीड वर्ष झालं होतं तेव्हा छातीच्या दुखण्याने गेली, अठराव्या वर्षी, कपाळाचं कुंकू कपाळावर घेऊन. अहेव गेलेल्या बाईचं पान भाद्रपदातल्या अविधवा नवमीला मांडायचं, तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, हे सगळीकडेच आहे. पण या घराचं एक वेगळं होतं. राजवाड्याच्या पाठीमागच्या त्या गल्लीतली ही मंडळी भोसल्यांच्या कारकुनीला म्हणून तंजावरात आली. राज्य गेलं, गोऱ्यांची कचेरी आली, कारकुनी तेवढी राहिली आणि असले रिवाज राहिले. इथे त्या पानावर बसलेल्या सवाष्णीला पाय धुतल्यापासून हातात विडा पडेपर्यंत गेलेल्या बाईच्याच नावाने हाक मारायची. ती बोलेल ते गेलेल्या बाईचं बोलणं. त्याला कोणी 'नाही' म्हणायचं नाही. आणि शेवटी घरातल्या बाईने वाकून विचारायचं, पोट भरलं का, काही राहिलं का. आजवर सगळ्या सवाष्णींनी एकच उत्तर दिलं होतं. भरलं, काही राहिलं नाही.

भामा दुसरेपणावर आली तेव्हा बारा वर्षांची होती. मंगळसूत्राबरोबर सवतीचा टाक तिच्या गळ्यात पडला. सोन्याचा, नखाएवढा, त्यावर एक बाई कोरलेली. तिला नाक होतं, डोळे नव्हते. भामा कुंकू लावताना आधी त्या टाकाला लावायची आणि मग स्वतःला. नवं लुगडं आलं तरी आधी टाकाला लावायचं. नऊ वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती, आणि शेषम्मा उसासा टाकून म्हणे, वरची तृप्त झाल्याशिवाय खालचीला कसं मिळणार. शेषम्मा म्हणजे त्यागराजांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, घराच्या किल्ल्या कमरेला.

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण ज्याने काढली तो शेषम्माच्या शेजारी राहत असणार. जयलक्ष्मीची कोलम, म्हणजे दारातली रांगोळी, म्हणे अशी की पाय ठेवायला जीव होऊ नये. जयलक्ष्मीने कधी वर मान करून उत्तर दिलं नाही. जयलक्ष्मीच्या हातचं सांबार, जयलक्ष्मीचे केस. भामा ऐके आणि पाट्यावर वाटण वाटत राही. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं. तिचं सांबार एखाद्या दिवशी खारट होतं, तिचे केस गळतात. या सवतीला वयही चढत नव्हतं. भामा तेरा, पंधरा, एकवीस झाली, जयलक्ष्मी आपली अठराचीच. भामाचा जळफळाट व्हायचा तो खरा इथे, आणि तो ती टाकाला कुंकू लावता लावता गिळायची.

पण हे सगळं तिने सोसलं असतं. सांबार घे, केस घे, बाई. एक गोष्ट मात्र तिला सोसवत नव्हती, आणि ती होती राजम.

राजमला तिने वाढवलं होतं. आंघोळ, वेणी, भरवणं, सगळं. आमच्या गल्लीतल्या तमिळ बायका अशा नात्याला चिन्नम्मा म्हणतात, म्हणजे धाकटी आई. शेषम्माने त्यातली आईसुद्धा काढून घेतली आणि पोरीला शिकवलं चिन्नक्का, धाकटी अक्का. 'आई' हा शब्द देवघरातल्या चांदीच्या भांड्यासारखा जयलक्ष्मीसाठी पुसून ठेवलेला. आता राजमला बारावं सरलं होतं, तिरुवैयारचं स्थळ ठरलं होतं, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त. पोर जायची होती, आणि एकदाही तिने भामाला त्या शब्दाने हाक मारली नव्हती.

त्या संध्याकाळी सगळ्या जणी मागच्या पडवीत केळीची पानं पुसत बसल्या होत्या. सुंदरीने कौतुकाने विचारलं, राजम, तुला तुझी आई काही आठवते का गं. भामाचा हात पानावर थांबला. तिला पुढचं पाठ होतं.

"एकच आठवतं, मावशी," राजम म्हणाली. "मला देवी आल्या होत्या. खोलीत अंधार होता आणि अंगाची आग आग होत होती. आई माझ्या तळव्यांवरून कडुनिंबाची डहाळी फिरवत होती. तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. आणि म्हणत होती, खाजवू नको गं राणी, नाक जाईल." ती हसली आणि भुवईवरच्या व्रणाला तिने बोट लावलं. "तोंड आठवत नाही. हात आठवतो, गार होता."

"अशी होती माझी जया," शेषम्मा डोळ्यांना पदर लावून म्हणाली.

भामाने पान उलटं करून पुन्हा पुसलं. तो हात तिचा होता. ते 'नाक जाईल' तिचं होतं. लग्न होऊन चार महिने झाले होते, राजम साडेतीन वर्षांची, आणि गल्लीत देवीची साथ. शेषम्मा तेव्हा रामेश्वराला गेली होती. शेजारपाजारचं कोणी उंबरा ओलांडीना, त्यागराज दारात उभे राहून पाणी आत सरकवायचे. बारा वर्षांची भामा खोलीत बसून होती, कारण तिला कोणी बाहेर ये म्हणायला विसरलं होतं. पुढे दोनेक वर्षांनी राजम ते बोलू लागली तेव्हा शेषम्मानेच तिला जवळ घेऊन सांगून टाकलं, ती तुझी आई गं बाळे. घरात कोणी वर्षांचा मेळ घालून पाहिला नाही. ज्यांना ठाऊक होतं ते त्यागराज कचेरीचे कागद वाचत होते. आणि भामाने तोंड उघडलं असतं तर म्हटलं असतं की सवतीच्या आठवणीवरसुद्धा हिचा डोळा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

सुंदरी मात्र पानं पुसायची थांबली होती. ती एकदा राजमकडे आणि एकदा भामाकडे पाहत होती. दिवेलागणीला भामा विहिरीवर कोडम भरायला गेली तशी ती मागोमाग आली आणि हलक्या आवाजात म्हणाली की देवीची साथ आली ती जया गेल्याच्या पुढची गोष्ट, माझी धाकटी लेक त्याच साथीत गेली, मी ते साल विसरणार आहे होय. भामाने घागर कमरेवर घेतली.

"तू सांगितलं का नाहीस कधी?" सुंदरीने विचारलं.

"तुम्ही सांगा की. तुमच्या बहिणीचं काढून मला द्या म्हणावं. बघू कोण ऐकतं."

सुंदरीला राग आला नाही. आजवर ती शेषम्माच्या बाजूची, दोघी मिळून जयाची आरती करायच्या. पण त्या दिवशी ती विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि भामाने दुसरी घागर ओढली ती तिने स्वतः धरली.

नवमीच्या सकाळी शेषम्मा सोवळ्यात पुरण शिजवत असताना मागच्या पडवीच्या टोकाकडून सुंदरीचा आवाज आला. आपल्याला शिवू नका, आपण बाहेरच्या झालो. खरंच झाली होती की नाही, देव जाणे. अशा गोष्टी बाईला विचारायच्या नसतात आणि आपणही विचारू नये.

शेषम्माच्या हातातला डाव तसाच राहिला. जयलक्ष्मीच्या पानावर दर वर्षी सुंदरी बसायची. आता ऐन वेळी सवाष्ण आणायची कोठून? नवमी काय एका घरात असते? शेजारच्या कामाक्षीबाई म्हणाल्या, आमच्याकडे दोन पानं आहेत. कोपऱ्यावरच्या घरातली सून तिच्या चुलतसासूच्या पानावर बसलेली. त्या दिवशी आमच्या गल्लीत सवाष्ण मिळणं म्हणजे आडात पडलेली सुई. त्यागराज दोनदा बाहेर जाऊन घामाने भिजून परत आले. ऊन डोक्यावर आलं.

"भामाला बसवा," सुंदरी लांबूनच म्हणाली.

शेषम्माच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सवतीच्या पानावर सवत? उद्या चूल आणि राख एकाच ताटात वाढा म्हणाल. पण गुरुमूर्तीभटजी भुकेले होते आणि शास्त्रही त्यांच्या बाजूला होतं. ते म्हणाले, बाई, टाक कोणाच्या गळ्यात आहे? जिच्या गळ्यात ती, तीच तिच्या पानावर. याहून जवळची सवाष्ण तुम्ही आणणार कुठून. शेषम्मा भावाकडे वळली. त्यागराज म्हणाले, वेळ टळते आहे, अक्का. मग ती मुकाट्याने आत गेली, आणि पाटाभोवतीची कोलम तिने इतकी जोराने ओढली की रेघा जाड आल्या.

भामा पाटावर बसली. नऊ वर्षं तिने या पाटासमोर वाकून पाय धुतले होते, वाढलं होतं, विचारलं होतं. बसल्यावर कळलं की इथून घर वेगळंच दिसतं. सगळी तोंडं आपल्याकडे वळलेली. राजम परातीत पाणी घेऊन आली आणि खाली बसून तिचे पाय धुऊ लागली.

"जयलक्ष्मी, ये, बैस," गुरुमूर्ती म्हणाले.

पानावर वडे पडले, खीर पडली, नारळाची पोळी पडली, वर तूप. भामाने पहिला घास घेतला. पोळी चांगली झाली होती. व्हायचीच, पुरण वाटलं कोणी होतं. शेषम्मा वाढताना तिच्याकडे न बघता, "जया, आणखी एक घे," म्हणत होती, आणि तिचा आवाज इतका मऊ भामाने कधी ऐकला नव्हता. इतक्या मऊ आवाजात या घरात बोललं जातं तर. मेलेल्या बाईचा तिला इतका हेवा आजवर कधी वाटला नव्हता, आणि आज तर ती तिच्याच पानावर जेवत होती.

मग राजम समोर आली. या वर्षी विचारायचं ते लेकीने, पोर लग्नाची झाली, असं शेषम्माने ठरवलं होतं. राजमने हात जोडले, वाकली, आणि मान वर करून भामाच्या डोळ्यांत पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "पोट भरलं? काही राहिलं का?"

आली. नऊ वर्षं ज्या हाकेसाठी कान टवकारून बसली होती ती हाक आली, तिच्याच तोंडाकडे पाहून आली, आणि तिच्यासाठी नव्हती. भामाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने ठरवून काही केलं असं नाही. शब्द तोंडात आला आणि तिने तो सोडला.

"राहिलं," ती म्हणाली.

शेषम्माच्या हातातली तुपाची वाटी कलली. असं उत्तर त्या घरात कोणी दिलं नव्हतं. गुरुमूर्तींनी जानवं सारखं केलं आणि अदबीने विचारलं, काय राहिलं, जयलक्ष्मी?

"राजमला देवी आल्या तेव्हा तिच्या उशाशी डहाळी घेऊन मी नव्हते," भामा म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "मी तेव्हा नव्हतेच. मी त्याआधी दोन वर्षं गेले होते. जिने केलं तिचं ते तिला द्या. दुसरीचं माझ्या पानावर वाढू नका."

"भामे," शेषम्मा ओरडली.

"विडा दिलेला नाही अजून," गुरुमूर्ती म्हणाले. "पानावर ते नाव घ्यायचं नाही, बाई."

शेषम्मा भिंतीला टेकली. तिने भावाकडे पाहिलं, आणि तिचं तोंड बिचाऱ्या लहान मुलीसारखं झालं. "त्यागू, मज सांग तू. मी रामेश्वराला होते."

त्यागराजांनी उष्ट्या पानाकडे पाहिलं. "ती म्हणते ते खरं आहे," ते म्हणाले. "मी दारात होतो, अक्का. आत फक्त ही होती."

पडवीच्या टोकाला सुंदरी पदराआड रडत होती, ते सगळ्यांना ऐकू आलं. राजमने विडा दिला, नवं लुगडं दिलं, ओटी भरली, वाकून नमस्कार केला, एकही गोष्ट चुकवली नाही. आणि भामा उठून हात धुवायला गेली तेव्हा तिने फक्त, "पाणी घालू, चिन्नक्का?" एवढं विचारलं. मग तांब्या ठेवून ती परसात निघून गेली.

भामाला वाटलं होतं, खरं बाहेर पडलं की आपलं मन गार होईल. ते काही झालं नाही. नव्या लुगड्याची घडी काखेत धरून ती माजघरात उभी राहिली, आत भांड्यांचा आवाज येत होता, आणि तिला भूकही नव्हती नि झोपही. शेवटी ती परसात गेली.

राजम चिंचेखाली बसली होती. रडून तिचं नाक लाल झालं होतं. भामा जवळ बसली तशी ती सरकली नाही, पण तिने मानही वर केली नाही.

"बाकी सगळं आत्याने सांगितलेलं," राजम म्हणाली. "कोलम, केस, सगळं. माझं स्वतःचं एवढं एकच होतं. आता तेही तुझं निघालं. तुझ्याकडे तर सगळंच आहे, चिन्नक्का. मला कितीतरी तुझंच आठवतं. आईचं आता माझ्याकडे काहीच नाही."

भामा चिंचेच्या बुंध्याकडे पाहत राहिली. तिच्याकडे एक गोष्ट होती. आजवर तिने ती कोणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, देवालाही नाही. सांगितली असती तर सवतीच्या ढिगात आणखी एक चांगली गोष्ट पडली असती, आणि ढीग काय कमी होता? तिने ती दाबून धरली होती. अजूनही द्यावीशी वाटत नव्हती. पण तिने पोरीचं घेतलं होतं, आणि घेतल्यावर तिला रिकाम्या हाती कसं ठेवणार.

"मी पाहिलंय तुझ्या आईला," ती म्हणाली.

राजमने मान वर केली.

"मी नऊ-दहा वर्षांची असेन. आजीबरोबर हळदीकुंकवाला आले होते, याच घरात. बायका पुढे गात होत्या, मी मागे आले. ती इथे उभी होती, तू तिच्या कडेवर. मला म्हणाली, ए पोरी, झाडावर चढता येतं का? मी चढले. कोवळ्या चिंचा काढून खाली टाकल्या. तिला खोकला होता, आंबट खायला वन्संनी बंदी केली होती. तिने पदरात मीठ बांधून आणलं होतं."

"आईने? चोरून?"

"चोरून. तोंड भरून चिंचा. तेवढ्यात आतून वन्सं ओरडल्या, जया, काय खातेस? हिने तुला झटकन माझ्या हातात दिलं, चिंचोके मातीत लोटले आणि भरल्या तोंडाने म्हणाली, काही नाही, रामनाम घेते. वर उलटून बोलायची नाही म्हणे! आणि मग तिला हसू आवरेना."

राजम जवळ सरकली. "मला तुझ्या हातात दिलं?"

"हो. डोकं सांभाळ म्हणाली. तू माझी वेणी ओढलीस."

"कशी हसायची?"

हा प्रश्न येईल असं भामाला वाटलं नव्हतं. ते हसू तिला नीट आठवत होतं, तेच तर दुखणं होतं. त्या दुपारी झाडावरून उतरलेल्या पोरीला ती बाई इतकी आवडली होती की दोन दिवस ती तिच्यासारखी हसत घरभर हिंडली होती. पुढे तिचाच टाक गळ्यात आला तेव्हा तिने ते हसू बंद केलं. आता तिने पदर तोंडावर धरला, खांदे हलवले, हसू आतल्या आत दाबलं, आणि अगदी शेवटी नाकातून एक बारीक उचकी काढली.

राजम फस्सकन हसली. तिनेही पदर धरून करून पाहिलं, उचकी जमली नाही. भामाने पुन्हा करून दाखवलं.

पडवीत काहीतरी पडलं. शेषम्मा दारात उभी होती. ती भामाला चांगलं सुनवायला आली असणार, कमरेवर हात ठेवायच्या तयारीने. पण हात खांबाला होता आणि किल्ल्यांचा जुडगा खाली पायाशी. बाराही महिने जयलक्ष्मीचं नाव घेणारी ती बाई आपल्याच परसाकडे वाट चुकल्यागत बघत होती.

"कोण हसलं आत्ता?" तिने विचारलं.

"मी, वन्सं."

शेषम्मा पायरीवर बसली. विधवेने, सोवळ्यात, नवमीच्या दिवशी, उघड्या पायरीवर. मग, इतकी वर्षं फक्त त्या पानाशी बोलताना काढला तो मऊ आवाज काढून म्हणाली, "मी विसरले होते गं ते. भामे, एकदा परत हस."

राजमने भामाचं कोपर ओढलं. भामाने पदर सारखा केला, मांडीवरचं नवं लुगडं बाजूला ठेवलं, टाक मंगळसूत्रात अडकला होता तो सोडवला. घाई कसली होती? नऊ वर्षं ती थांबली होती. आता थोडं वन्संनाही थांबू दे.